उस्तादाचा कोट

राजुरा, १२ डिसेंबर १९५७

मुखरूभाऊ, लहान्या लटारूचं पाया पडणं. मी बरा आहो. दोन टाइम भात भेटते. आईचा खोकला कमी झाला का?

आमचे जादूगार उस्ताद गेले. कलकत्त्याच्या बेड्यांतून अन् हैद्राबादच्या कोठडीतून हासत निघालेला माणूस आरमोरीच्या मंडईत, दिवाळीमागच्या जत्रेत, गेला.

"या, बांधा मले," असं लोकायले बोलवाचा त्यायचा रिवाज होता. एक म्हातारा वर आला. आपण धानाचा भारा बांधतो, तसं त्यानं उस्तादाले अंबाडीच्या ओल्या दोरीनं बांधलं. त्याच्या मनात पाप नोहतं. त्याले तेच बांधणं येत होतं. मंग उस्तादाले पेटीत घालून आमी झाकण लावलं.

आतून ठोकल्याशिवाय पेटी उघडाची नाई, असा उस्तादाचाच हुकूम. ठोकाले हात मोकळा पाहिजे, हे कोणाच्या ध्यानात आलं नाई. लोक टाळ्या पिटत होते. मी बाजा वाजवत राह्यलो. पेटी उघडली तवा ते थंड पडले होते.

मले रडू आलं नाई. अजूनही येत नाई.

मॅनेजरनं त्यायचा काळा कोट मले देल्ला. बाह्या लांब होतात. पुढच्या मंडईपासून पेटीत मी जाईन. आईले हे वाचून दाखवू नको. लटारूले कोट भेटला, एवढंच सांग. धान घरी आलं का?

अन् भाऊ, भाऱ्याची ती गाठ सोडतात कशी, ते लवकर लिहून पाठव. मले आठवते तं खळ्यावर तू ती कधी सोडलीच नाई. विळ्यानं कापत होता.

तुहा,
लटारू