गरम टायरची हवा

प्रिय आबा,

तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली. आज मी पहिल्यांदा पत्र लिहायला बसलेय आणि तेही भांडायला. आज वर्गात शिकवताना तुमच्यावरचा माझा एक जुना संशय पार निकालात निघाला. त्याच्या जागी दुसरा आलाय. तो तुम्हालाच विचारायला हवा, नाही का?

मला तुम्ही 'सीआयडी' म्हणायचा. गवळ्यानं दूध घातलं की मी बोट बुडवून बघायची. मग तुम्ही कसे सुटणार? कावळा नाक्यावरचं आपलं पंक्चरचं दुकान आणि त्याला चिकटून तात्याकाकांचा चहाचा गाडा, एवढं मला पुरेसं होतं.

ट्रक उन्हातनं तापून यायचा. हवा मोजायच्या गेजचा काटा वर चढलेला असायचा. ड्रायव्हर म्हणायचा, हवा जास्त आहे, सोडा. आणि तुम्ही ठाम.

"पावणं, टायर गरम हाय. आत्ता काटा खरं बोलत न्हाय. बसा घटकाभर, च्या घ्या. गार झाल्यावर बघू की."

घटकाभर म्हणजे दोन कप! कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला रोज वाटायचं.

मी अकरावीत होते. निपाणीकडनं आलेला शंकर ड्रायव्हर घाईत होता आणि तुम्ही त्याला थांबवत होता. मी दुकानाच्या दारातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आबा, हवा गार व्हायला पाहिजे का काकांचा च्या खपायला पाहिजे?"

सगळे हसले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग खाली बसलात आणि गरम टायरची हवा सोडलीत. तुम्हाला तसं करताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

उठताना एवढंच म्हणालात, "शंकर, सकाळी निघायच्या आधी ये. परत भरावी लागंल."

"म्हंजे उद्याचा पण च्या व्हय!" तो म्हणाला. सगळ्यात मोठ्यानं मी हसले, आबा.

तो आलाच नाही. सकाळी गूळ भरून गेला आणि गगनबावड्याच्या घाटात टायर फुटला. ट्रक डोंगरावर आदळला. शंकरचा पाय मोडला. त्या टायरचं पंक्चर काढताना तुम्ही आधी कधीतरी लावलेल्या पॅचनं दगा दिला, असं नाक्यावर ठरलं. लोक विचारायला आले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "व्हय, चूक माझीच." खाई त्याला खवखवे, असं मी मनात म्हटलं. पॅच नीट बसवला नसणारच! गिऱ्हाईक तुटलं, दुकान गेलं, तुम्ही दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला लागलात. तरी माझा संशय हलला नाही.

आज गारगोटीच्या शाळेत नववीला हवेचा धडा होता. सायकलचा पंप आणि तुमची हातोडी घेऊन गेले होते. पंपाचं तोंड दाबून मारला, तो खाली कसा तापतो ते पोरींना हात लावून बघायला दिलं. हातोडीनं बाक ठोकला आणि सांगितलं, हवेतला रेणू शेजारच्याला ढकलतो, तो पुढच्याला. गवंड्यांच्या रांगेत घमेलं पुढं जातं, माणसं जागेवरच राहतात, तसा आवाज कानापर्यंत येतो.

"बाई, रेणू तुमी बघितल्यात?" मागच्या बाकावरून रेश्मानं विचारलं. माझ्याच जातकुळीची संशयी! मी म्हटलं, नाही. पण टायरमध्ये ते सारखे धावतात, आतून आपटतात, त्या धडकांचाच दाब होतो. टायर तापला की जास्त जोरात आपटतात. हवा तेवढीच असते, तरी काटा चढतो.

"मग तापल्यावर सोडली, आनि टायर गार झाला तर?"

"कमी पडेल," मी म्हटलं. "कमी हवेवर ओझं घातलं की टायर दबून दबून आणखी तापेल आणि..."

खुर्चीवर बसले. बी.एस्सी.ला हे सूत्र मी पाठ केलं होतं, पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. त्या सूत्रात आपलं दुकान आहे, हे डोक्यात शिरलंच नाही!

पॅच धड होता ना, आबा? तुम्हाला रेणू ठाऊक नव्हते, पण गरम टायर ठाऊक होता. काय होऊ शकतं हे कळत असून हवा सोडलीत, ती माझ्या एका वाक्यानं. आणि मग 'चूक माझीच' म्हणालात, ते नाक्यावर माझं नाव निघू नये म्हणून. हाच माझा नवा संशय. इतकी वर्षं एका घरात जेवलो, एकदा तरी तुम्ही मला बोलायचं होतं! रागवायचं होतं! मला फार राग येतोय तुमचा. आणि माझी लाज वाटतेय.

शंकर कागलला राहतो, अजून लंगडतो. येत्या रविवारी मी त्याच्याकडे जाणार आहे. पॅच चांगला होता, हवा माझ्यामुळे सुटली, हे त्याच्या तोंडावर सांगणार. मग नाक्यावर जाऊन तेच सांगणार, त्या दिवशी हसले होते तेवढ्याच मोठ्यानं. कुणाला पटलं नाही, तर त्यांना काकांच्या गाड्यावर बसवीन, चहा पाजीन आणि पटेपर्यंत उठू देणार नाही. वचन देते.

तुमची सीआयडी,
सुमन