बाबांच्या फिल्मला दिलेलं संगीत

३ मार्च
वीस तारखेला बाबांना जाऊन वर्ष होईल. आई म्हणाली, तुझ्या फोनमध्ये त्यांचे व्हिडिओ आहेत ना, सगळ्यांना बोलाव आणि टीव्हीवर लाव, मला त्यांना एकदा ऐकायचंय. नुसते व्हिडिओ लावायला मी काय केबलवाला आहे? मी फिल्म करणार. या घरात कलेची जाण मला एकट्यालाच, त्यामुळे जबाबदारीही माझ्या एकट्यावरच. बायकोला तसं सांगितलं. ती म्हणाली, मोरीतला नळ गळतोय.

५ मार्च
सगळे व्हिडिओ पाहिले. घोर निराशा. बाबा शिंपी होते, मान्य. म्हणून प्रत्येक शॉटमध्ये मशीनवर? खडखड, खोकला, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि अखंड बोलणं. बॉबिन कुणी संपवली, चष्मा कुठे ठेवला, ही कॉलर कुणी कापली. याने कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार? सिनेमात माणूस गेला की आपण रडतो ते व्हायोलिनमुळे. नुसती माणसं काय, रोजच जातात.

८ मार्च
प्रयोग. बाबा चष्मा शोधतायत. स्लो मोशन केलं, एका गाजलेल्या सिनेमातलं व्हायोलिन खाली सोडलं. चष्मा शोधणारा शिंपी गायब! आयुष्याचा अर्थ शोधणारा ऋषी हजर! मलाच हुंदका आला.
तोच शॉट ढोल टाकून पाहिला, तर बाबा आता कपाटातून पिस्तूल काढणार असं वाटलं. कात्रीच्या शॉटला आमची धाकटी किंचाळत तिच्या आईकडे पळाली. सख्ख्या आजोबांना घाबरली! काय ही संगीताची ताकद. बायको म्हणाली, पोरीच्या डोक्यात आजोबा असे बसवू नका. कलावंताला विरोध घरातूनच सुरू होतो.

१२ मार्च
मोठा निर्णय. मूळ आवाज पूर्ण बंद. खडखडाट आणि व्हायोलिन एकत्र म्हणजे घासात खडा. ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाबांचा आवाज तरी ठेव रे. मग तिला समजावलं की आवाज असला की माणूस कानात राहतो, संगीत असलं की काळजात उतरतो. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

१४ मार्च
संगीताच्या फायलींनी फोन भरला. मूळ व्हिडिओ उडवले. घर बांधून झाल्यावर परांची कोण ठेवतं?
नळ उद्या नक्की.

२० मार्च, संध्याकाळ
हाउसफुल्ल! पडदे ओढले. पहिल्या व्हायोलिनलाच दाजींचा रुमाल बाहेर. समोरचे नवे भाडेकरू, ज्यांनी बाबांना उभ्या जन्मात पाहिलं नाही, तेही हमसून हमसून रडले. दाजी म्हणाले, ही धून ऐकली की त्यांना सिनेमातला तो कुत्रा मरतो तेच आठवतं. भाडेकरू म्हणाले, अगदी अगदी, बिचारं मुकं जनावर. मग दोघं बराच वेळ कुत्र्याबद्दल बोलत होते. तरी रडले माझ्या फिल्मला, हे विसरून चालणार नाही.
एकटी आई रडली नाही. टीव्हीला कान लावून बसली होती. शेवटी म्हणाली, ती पिपाणी थांबव आता आणि त्यांचं मशीन लाव. ओठ हलतायत, काय म्हणतायत ते? मी म्हणालो, यात आवाज नाही. मग आवाज असलेलं लाव म्हणाली. म्हणालो, ते उडवलं.
आई उठून आत गेली. जुन्या पिढीला माध्यम कळायला वेळ लागतो.

२१ मार्च
आई बोलत नाही. जेवलीही नाही. फोन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने फोन उलटसुलट केला आणि म्हणाला, गेलं ते गेलं. इतक्या कोरडेपणाने! अशा वेळी सिनेमात निदान बासरी तरी वाजते. इथे शेजारच्या दुकानात ड्रिल चाललं होतं.

२३ मार्च
वाचलो! मी मागे कधीतरी पाठवलेला एक व्हिडिओ ताईच्या फोनमध्ये आहे. आवाजासकट. म्हणजे दूरदृष्टी शेवटी माझीच. आईला सांगितलं. ती दोन घास जास्त जेवली.

२४ मार्च
ताई आली. आईने फोन कानाशी धरला. मशीन खडखडलं. बाबा खोकले. आईचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. बाबांनी तिला हाक मारली, इकडे ये, एक गंमत सांगतो म्हणाले. आणि तिथून पुढे कुणीतरी मोठ्यांदा तोंडाने व्हायोलिन वाजवायला लागतं. ता रा रा राऽऽ, थेट शेवटपर्यंत. त्याच्याखाली बाबा काहीतरी बोलतात, आई खळखळून हसते, पण शब्द एक कळत नाही.
शूटिंग करता करता मी पार्श्वसंगीत देत होतो.
आईने पुन्हा लावलं. पुन्हा मीच. ती म्हणाली, मला काही केल्या आठवत नाही, तू तर त्यांच्या शेजारीच उभा होतास, काय म्हणाले रे ते?
खूप आठवून पाहिलं. मला फक्त चाल आठवतेय.