नावापुढचं उद्गारचिन्ह

४ फेब्रुवारी
बाळांच्या यादीसाठीचं ग्राफक्यूएल — सर्व्हरकडून माहिती मागवायची नवी पद्धत — एकदाचं चालू झालं! दोन दिवस गेले. स्कीमाची, म्हणजे रकान्यांच्या आराखड्याची, फाईल भलत्याच फोल्डरमध्ये होती आणि मी जावाच्या सेटिंगमध्ये शोधत बसलो. काखेत कळसा.

प्रकल्प बघणाऱ्या सारिका मॅडमचा धुळ्याच्या ऑफिसातून फोन — "आता पाड्यांवर यादी उघडेल ना?" उघडेल. आधी प्रत्येक बाळाची अख्खी माहिती फोनवर यायची. सातपुड्याच्या पायथ्याशी नेटवर्कला ते झेपायचं नाही. आता नर्सबाईंना हवं तेवढंच मागता येतं — नाव, वजन, पुढच्या भेटीची तारीख. कमी वजनाचं एकही बाळ भेटीवाचून राहू नये, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

बायको, कामिनी, अजून माहेरीच, चोपड्याकडे. सप्टेंबरनंतरचा हा पाचवा महिना.

५ फेब्रुवारी
स्कीमात नावापुढे उद्गारचिन्ह टाकलं. म्हणजे हा रकाना रिकामा चालणार नाही. मॅडमनी विचारलं, "नावं सगळ्यांची असतात?" असतात म्हटलं.

७ फेब्रुवारी
चाचणी झाली. पारोळ्याकडची सहा गावं उघडून पाहिली. चोपड्याकडची पाहिली नाहीत. नवी यादी आजच सगळीकडे चालू केली.

१० फेब्रुवारी
लताबाईंचा फोन. कामिनीच्या माहेरच्या गावातल्या आशाताई. "जवाईबापू, यादी बठ्ठी कोरी शे." त्यांच्या गावचं एकही बाळ दिसत नाही. तीन दिवस नर्सबाई चोपड्याहून निघण्याआधी यादी बघतात, कोरी दिसते, दुसऱ्या गावाला जातात. आणि गावात रत्नाची मुलगी आहे, आठ दिवसांची, सतराशे ग्रॅमची. आज लताबाईंनीच वजन केलं. शंभर ग्रॅमनं उतरलेलं. चोपड्याच्या दवाखान्यात हलवलं आहे.

रात्री लॅपटॉप उघडला.

११ फेब्रुवारी
चूक सापडली. शोधावी लागली नाही, पडद्यावर सरळ लिहून आली होती — नोंद सोळा, नाव रिकामं. संगणकाची मोजणी शून्यापासून, म्हणजे सतरावी. आईचं नाव कामिनी. जन्म १९ सप्टेंबर.

आमचा मुलगा. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. चौथ्या दिवशी गेला. पाचवी पुजायची होती, बारसं तर लांबच. नाव ठेवलंच नाही.

खरं लिहितो. ते चिन्ह टाकताना ही नोंद मला आठवत होती. म्हणूनच टाकलं. वाटलं, नाव सक्तीचं केलं की एवढी एक ओळ गळेल आणि माझ्यासमोर कधी येणार नाही. पण यादीतल्या नोंदीपुढेही मीच तेच चिन्ह टाकून ठेवलेलं — एकही नोंद रिकामी चालणार नाही. नाव नाही म्हणून नोंद बाद, नोंद बाद म्हणून यादीच बाद. गेलं अख्खं गाव.

आई तेव्हा म्हणाली होती, "नाव ठेयेल नव्हतं, ते धरतस नही." तिचीही दोन गेली. तीही धरली नाहीत. मला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं, याची आज लाज वाटते. घरी चल म्हटलं की कामिनी म्हणते, "तिथं काही झालंच नाही असं वागता तुम्ही सगळे."

१२ फेब्रुवारी
मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या रकान्यात नुसतं 'बाळ' टाक आणि मोकळा हो." दोन मिनिटांचं काम. नाही केलं. उद्गारचिन्ह काढलं, ॲप्लिकेशन पुन्हा चालू केलं. गाव उघडलं, चोवीस नोंदी. सतराव्या ओळीत नाव नाही, वजन १५८०. किती तरी वेळ बघत बसलो.

लताबाईंना सांगितलं — चूक माझी, एका नोंदीला नाव नव्हतं. कोणत्या ते त्यांना कळलंच. म्हणाल्या, "ज्याले नाव नही ते पोरगं नही का, जवाईबापू?"



१३ फेब्रुवारी
रत्नाची मुलगी दूध घेऊ लागली. वीस ग्रॅम वाढली.

कामिनीला फोन केला. एरवी जेवलीस का, तब्येत कशी, एवढंच बोलतो. आज म्हटलं, आपला मुलगा यादीत आहे. सतरावा. नाव रिकामं आहे, पण आता चालतं. तिने फोन ठेवला.

१५ फेब्रुवारी
सकाळी कामिनीचा मेसेज. "रिकामं का? त्याचं नाव नवल आहे. पहिल्या दिवसापासून. मला कुणी विचारलंच नाही."