लेकीच्या मेंदूचा बंदोबस्त

२ जानेवारी, लातूर
बायकोला, पंचशीलेला, मुखेडला घरी धाडलं. आजपासून नीट परीक्षेच्या तयारीला धम्मप्रियाजवळ मी राहणार. गल्लीत सगळ्या रूमवर आयाच असतात. स्वयंपाक एके स्वयंपाक. मी थेट लेकीच्या मेंदूवर काम करणार. पंचायत समितीतून महिन्याची रजा. सतराला टेस्ट. मार्क वाढले की टॉपची बॅच, मग मेडिकल ठरलेलं.

३ जानेवारी
मोबाईलवर वाचलं. मेंदूत न्यूरॉन नुसते मिरवतात. त्यांना पोसायचं, त्यांच्या तारांवर वेष्टण चढवायचं, कचरा काढायचा, हे सगळं ग्लिया पेशी करतात. बिचाऱ्यांचं कुणी नाव घेत नाही. अगदी माझंच वर्णन.

५ जानेवारी
भात करपला. धम्मप्रियाने दुसरा टाकला. मी टाकणारच होतो.

६ जानेवारी, सकाळी ९
वाढत्या मेंदूत जोडण्या भरमसाठ. नको त्या ग्लिया खाऊन टाकतात. मीही छाटणी केली. शेजारच्या रूममधली शिल्पा: बंद. चित्रांची वही: कपाटावर. आईला फोन: फक्त रविवारी.

९ जानेवारी
धम्मप्रिया म्हणाली, ग्लिया बिघडल्या तर चांगल्या जोडण्याही खातात, विसरण्याच्या आजारात तसं होतं म्हणे. मुद्दा तोंडपाठ! छाटणीचाच गुण.

१२ जानेवारी
टेस्ट तिची, बीपी माझा वाढला. गोळ्या मुखेडला राहिल्या. लेक्चर बुडवून तिनेच इथल्या दुकानातून आणल्या. एका लेक्चरने काय होतं?

१४ जानेवारी
माझे कपडे तिने धुतले. अडवणार होतो, पण हालचालीने मेंदूला रक्त मिळतं.

२० जानेवारी
निकाल. अठ्ठेचाळीस मार्क कमी. पेपर काढणाऱ्याला अक्कल नाही. क्लासच्या विरूपाक्ष सरांना अर्धा तास ग्लिया समजावल्या. सर म्हणाले, तिच्या आईला पाठवता का?

२१ जानेवारी
मार्क का घटले, धम्मप्रियालाच विचारलं. ती पोळ्या लाटत होती. लाटता लाटताच म्हणाली, "पप्पा, तुमी आल्यापासून मला तुमचंच बघावं लागायलंय. मम्मीला येऊ द्या. तुमी जावा मुखेडला."
चिडून म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. फार वाईट वाटलं. मान खाली घालून जेवलो.

२२ जानेवारी, मुखेड
पंचशीला बॅग भरून तयारच होती. सूचनांचा चार पानी कागद दिला. न वाचता पर्समध्ये कोंबला. उरलेली रजा रद्द केली.

३ फेब्रुवारी
पंचशीलेचा फोन. नव्या टेस्टमध्ये एकसष्ट मार्क वाढले. टॉपची बॅच मिळाली. ऑफिसात पेढे वाटले. व्यंकटीने विचारलं, एवढं कसं जमवलं?
म्हटलं, काही नाही, मी निघून आलो.