इमलीटोल्याचा मरीज प्रतिनिधी

इमलीटोला, भरवेली रोड, बालाघाट
कोजागिरीचा दुसरा दिवस

श्री. प्रेमलालजी इवाईबुवा (पुस्तकी मराठीत व्याहीबुवा) यांना, मयुरीच्या बापाचा, म्हणजे शालिकरामचा, दोन्ही हात जोडून रामराम. इहीनबाईंनाही रामराम, आणि त्यांच्या गुडघ्यांची वेगळी विचारपूस. जावईबापूंना आशीर्वाद. मयुरीला सातवा लागला, तिनं जड काही उचलू नये. बाकी काय करावं नि काय करू नये ते तिची आई फोनवर रोज तासभर सांगतेच. आमच्याकडे सर्व मजेत आहे. (म्हणजे आता आहे. दीड महिन्यापूर्वी अर्धा टोला खाटेवर होता, आणि उरलेला अर्धा त्यांना पपईच्या पानांचा रस पाजत फिरत होता.)

फोन असताना हा माणूस पत्र काहून लिहितो, असं तुम्हाला वाटेल. तर तुमच्याकडचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी तीन खोल्यांतून उत्तरं येतात. दसऱ्याला सोनं द्यायला आलो तेव्हा मंडळी इतकी होती की रामराम आणि भजी यांच्यापलीकडे आपलं बोलणं गेलंच नाही. आणि आता कळलं की लांजीच्या वसंतानं तुम्हाला सांगितलं, शालिकरामला आरोग्य खात्यात साहेब केलं, टोपी दिली, मग काढून टाकलं. यातली टोपी खरी आहे. बाकीचं जसं झालं तसं सांगतो. (माझं मराठी लिहिणं कच्चं आहे. शाळा हिंदीत झाली, मराठी आईकडून मिळालं आणि काना-मात्रा कोणाकडूनच मिळाल्या नाहीत. सांभाळून घ्या.)

भादव्यात मला ताप चढला. खाणीत एकतीस वर्षं काढली, पण डोळ्यांच्या मागच्या बाजूनं कोणी पहार घालून फोडत आहे असं कधी वाटलं नव्हतं. चार दिवस मी भिंतीशी बोलत होतो. पाचव्या दिवशी ताप उतरला. विमलानं नारळ फोडला, मी झुणका मागितला, आणि झुणका येण्याच्या आधी पोट धरून अंगणात आडवा झालो. दवाखान्यात चार दिवस बाटल्या चढल्या. तिथल्या नर्सबाईनं सांगितलेलं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं: डेंगूत ताप असतो तेव्हा माणूस घाबरतो, पण खरा धोका ताप उतरल्यावरच्या दोन दिवसांत असतो.

घरी आलो तर टोल्यात दर तिसऱ्या घरी ताप. शाळेत आरोग्य खात्याचं शिबिर लागलं होतं आणि मी रक्ताचा दुसरा रिपोर्ट घ्यायला, बाकाला धरून, कसाबसा उभा होतो. एक तरुण डॉक्टर मॅडम समिती बनवून राहिल्या होत्या. सरपंच झाल्या, मास्तर झाले, आमची आशा कार्यकर्ती रचनाताई झाली. एक जागा उरली. वरून आदेश होता की समितीत एक मरीज पाहिजे, ज्यानं रोग स्वतः भोगला तो. आता ज्यांनी भोगला होता ते सगळे घरी निजलेले. मॅडमनी विचारलं, "यहाँ किस-किस को डेंगू हुआ है?" त्याच वेळी मला कोरड पडली म्हणून मी पाण्यासाठी हात वर केला.

"आपको हुआ था, दादा? बहुत बढ़िया!" मॅडम म्हणाल्या. इवाईबुवा, साठ वर्षांत माझ्या कोणत्याही गोष्टीवर इतक्या आनंदानं कोणी "बहुत बढ़िया" म्हटलं नव्हतं. टाळ्या वाजल्या. पाणी शेवटपर्यंत मिळालं नाही, पण मी मरीज प्रतिनिधी झालो.

मला टोपी मिळाली, टॉर्च मिळाला, एक रजिस्टर मिळालं, आणि अळ्या पाहण्यासाठी पांढरा प्लास्टिकचा कटोरा मिळाला. तुमच्यापासून काय लपवायचं, मी जरा हवेत गेलो. टोपी घालून जेवायला बसलो. विमला म्हणाली, "लगनात फेटा दोन घंटे नाही राह्यला डोक्यावर, आन हे टोपी निंगतच नाही!" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. साहेब लोकांना करावं लागतं.

पहिली सभा चावडीवर भरली. मी छापील कागद पाठ करून गेलो होतो. पाणी साठवू नका, डरम रिकामे करा, भांडी कोरडी करा, असं तीनदा म्हटलं, तिसऱ्यांदा हात वर करून. तेव्हा मागून शेवंताबाई उठली. ही आमच्या गल्लीतली, नवरा गेल्यावर शिलाई मशीनवर दोन मुली शिकवणारी बाई. तिच्यासमोर मास्तरही हळू बोलतात.

"भाऊ, नळ चवथ्या दिवशी येते," ती म्हणाली. "डरम रिकामा केला तं तीन दिवस लेकरं का तुमचं भाषण पितीन?"

चावडीवरची कुत्रीसुद्धा हसली असं मला वाटलं. मी कागद उलटून पाहिला, मागे उत्तर छापलेलं नव्हतं. घरी येऊन रजिस्टरात लिहिलं, "लोग सहयोग नहीं कर रहे हैं." मग ते वाक्य माझ्याकडे पाहत बसलं. कारण, इवाईबुवा, नळ चौथ्या दिवशीच येतो. आमच्याही घरी दोन डरम भरलेले होते आणि भाषणाला निघताना मीच त्यांवर फळी सरकवून ठेवली होती. म्हणजे मी स्वतःच सहयोग करत नव्हतो. ते वाक्य खोडलं. दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरून एकच विचारलं: नळ कधी येतो, किती भरून ठेवता, घरात कोणाला ताप आहे. त्रेसष्ट घरं झाली. शेवंताबाईनं मला दारातच उभं ठेवलं, पण उत्तर दिलं, आणि वरून म्हणाली, "आता लिवलं खरं. भाषण देऊ नको, इचारत जा."

त्यानंतर आठ दिवसांनी तिलाच ताप आला.

इथून पुढचं लिहिताना हात जरा हळू चालतो. रोज मी तिच्या दारावरून जायचो. पाचव्या दिवशी तिची थोरली, दीप्ती, हसत म्हणाली, काका, ताप उतरला, आई उठून बसली. मी पुढे गेलो, दहा पावलं गेलो असेन, आणि मला माझा झुणका आठवला. परत फिरलो. शेवंताबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. पाय हातात घेतला तर गार.

"पोट दुखते का?"

"थोडंसं दुखते."

"उलटी झाली का?"

"दोनदा झाली. तू का डाक्टर होय का रे?"

"मी मरीज आहो, बाई," मी म्हणालो. "जो खड्ड्यात पडला त्यालेच खड्डा मालूम राह्यते. उठ, दवाखान्यात चाल."

ती नाही म्हणाली. शिलाईचे कपडे द्यायचे आहेत म्हणाली, उद्या पाहू म्हणाली. मग मी टोपी काढली आणि तिच्या ओट्यावर बसलो आणि सांगितलं की तू चालत नाही तोवर मी इथून हालत नाही, आणि बसल्या बसल्या भाषण देतो. तिनं डोळे मिटले नि म्हणाली, "चाल मंग. पन मी नसतानी माह्या डरमाले हात लावायचा नाही." मी शपथ घेतली. एकशे आठची गाडी दुसऱ्या गावाला गेलेली होती. भैयालाल भाजीचा ऑटो घेऊन बाजाराला निघाला होता, त्यालाच थांबवलं. वांग्यांच्या पोत्याला टेकवून तिला नेलं. (भैयालाल रस्ताभर मागे वळून सांगत होता, वांगे दाबू नका, वांगे दाबू नका.) भरवेली फाटकापासून दवाखान्यापर्यंत मी तिचा अंगठा धरून बसलो होतो आणि मला एकसुद्धा गंमत सुचली नाही, यावरून समजा.

डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर कठीण होतं. दोन दिवस तिचा रक्तदाब वर-खाली झाला, तिसऱ्या दिवशी तिनं नर्सला विचारलं की हा गाऊन कोण्या आंधळ्यानं शिवला. तेव्हा दीप्ती रडली आणि मी बाहेर जाऊन वांग्याच्या ऑटोवाल्याला मिठी मारली.

परत येऊन मी टोल्यात बरे झालेले लोक गोळा केले. अकरा निघाले. एक म्हातारा, दोन कॉलेजच्या पोरी, एक केस कापणारा, असे. सगळ्यांना सांगितलं, आपण खड्डा पाहिलेला आहे. ज्याच्या घरी ताप उतरला तिथं आपल्यातल्या एकानं दोन दिवस सकाळ-दुपार जाऊन बसायचं आणि चार गोष्टी विचारायच्या: पोट दुखतं का, उलटी झाली का, हातपाय गार आहेत का, लघवी होते का. रचनाताईनं त्या चार गोष्टी आमच्याकडून घोकून घेतल्या. अशानं आणखी दोघं जण वेळेवर दवाखान्यात पोचले. त्यातला एक केस कापणाऱ्याचा साळा. त्यानं माझी हजामत अशी प्रेमानं केली की मिशी गेली. दसऱ्याला तुम्ही मिशीच्या जागेकडे पाहत होता, ते हे.

आता लोकेशभाऊंची गोष्ट. हे आमच्या सरपंचबाईंचे यजमान, आणि गावची सरपंचकी हेच चालवतात, बाई सही करतात. त्रेसष्ट घरांचं रजिस्टर मॅडमकडे जाणार, हे कळताच ते भर उन्हात माझ्याकडे आले. "शालिकरामभाऊ, हे नळाचं काहून लिहून राह्यले? बीमारी का लिखो ना, पानी का क्या लेना-देना?" एवढं बोलून त्यांना तहान लागली. ओट्यावर काचेचा ग्लास भरलेला होता, तो त्यांनी उचलला. मी "अहो" म्हणेपर्यंत अर्धा गेला होता.

ते थांबले. ग्लास उजेडात धरला. म्हणाले, "भाऊ, पाण्यात जिरं टाकलं का?"

इवाईबुवा, उड्या मारणारं जिरं कोणी पाहिलं आहे का? त्या सभेत दाखवायच्या अळ्या होत्या. (कुठून आणल्या ते विचारू नका. आमच्याच फ्रिजच्या मागच्या ताटलीतून. विमला अजून त्या विषयावर येऊ देत नाही.) मी खरं ते सांगितलं, की अळी पोटात गेल्यानं डेंगू होत नाही, त्याला मच्छरच चावावा लागतो. पण त्यांना माझा भरवसा कुठला! पोट धरून, बायकोला गाडीवर मागे बसवून, ते थेट मॅडमकडे. मीही रजिस्टर घेऊन मागे. मॅडमनी तपासलं, काही झालं नाही म्हणाल्या, आणि विचारलं, "पर ये कीड़े टोले में पनपते क्यों हैं?" लोकेशभाऊ छताकडे पाहू लागले. तेव्हा सरपंचबाईंनी माझ्या हातातलं रजिस्टर घेतलं. पहिल्यांदाच सही न करता वाचलं. सगळं वाचलं, एक एक घर. मग नवऱ्याला म्हणाल्या, "नळाच्या दोनातली एक मोटर जळून दोन महिने झाले न? तुम्ही तं मले म्हणत होते, बिजलीची लाइन नाही राहत."

तिसऱ्या दिवशी मोटर बसली. बाई स्वतः विहिरीवर उभ्या होत्या. आता नळ रोज येतो, दर शुक्रवारी सारा टोला भांडी उपडी घालून उन्हात ठेवतो, आणि गेल्या बारा दिवसांत नवीन ताप एकही नाही. शेवंताबाई घरी आल्यावर मॅडमनी तिलाच मरीज प्रतिनिधी केलं, कारण तिला दारात उभं ठेवण्याची कोणाची हिंमत नाही. टोपी मी स्वतः नेऊन दिली. तिनं ती उसवून आपल्या मापाची केली. तेव्हा मला कोणी काढलेलं नाही, हे वसंताला अवश्य सांगावं.

लिहिता लिहिता सहा पानं झाली, आणि विमला विचारून राह्यली की हे पत्र आहे का जमिनीची रजिस्ट्री. थांबतो. घरातल्या थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांच्या पाठीवर हात.

तुमचा,
शालिकराम

ता. क. एक बारीक गोष्ट राहिली. तुमच्या मोरीमागे सिमेंटची टाकी आहे, तिला झाकण नाही. टाकीच्या लगतच्या खिडकीखाली मयुरीची खाट आहे. पोरीच्या बापानं तिच्या सासरी जाऊन टाकीत डोकावू नये, हे मला समजते. म्हणूनच वरची सहा पानं लिहावी लागली. मॅडम म्हणतात, पोटुशी बाईला हा ताप फार वाईट.

ता. क. २. इहीनबाईंना हे पत्र वाचून दाखवताना वरचा ता. क. गाळला तरी चालेल. टाकी तेवढी गाळू नका.

ता. क. ३. तुम्ही काही आणायची, करायची गरज नाही. झाकण मी लोहाराकडून करून ठेवलं आहे, रविवारच्या गाडीनं घेऊन येतो. माप बरोबर आहे. दसऱ्याला तुम्ही सगळे भज्यांत गुंतले होते, तेव्हा मी हात धुवायच्या निमित्तानं मागे जाऊन गमछ्यानं टाकी मोजली होती. मापाची गाठ मारली ती अजून सोडलेली नाही. तोच गमछा घालून फिरतो.