स्क्रूवरची लाल रेघ

दि. ८ जानेवारी

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा उधार.

तू पाठवलेला नवा व्हॅक्यूम क्लीनर पोचला. दिसायला देखणा आहे, वजनाला हलका आहे आणि सध्या खोक्यासकट कपाटावर चढून बसला आहे. बाबांनी तो एकदा हातात घेतला, उलटासुलटा केला, यात उघडायला कुठेच काही नाही म्हणाले आणि परत ठेवून दिला. तुझ्या बायकोला सांग, रंगाचं सगळ्यांनी कौतुक केलं. सगळ्यांनी म्हणजे मी.

आमचं जुनं धूड अजून चालू आहे. तेच, आईने घेतलेलं. उभा दांडा, पोटाला कापडी पिशवी आणि कपाळावर दिवा. चालू म्हणजे काय, संध्याकाळी चालतं आणि सकाळी रुसतं. मोटार गुरगुरते, पण खालचा ब्रश फिरत नाही, कारण त्याला फिरवणारा रबरी पट्टा आत निसटलेला असतो. मग बाबा हॉलमध्ये पेपर अंथरतात, धूड आडवं घालतात, चष्मा कपाळावरून नाकावर आणतात, आणि त्यानंतर घरात कोणी चकार शब्द काढायचा नाही. पट्टा बसला की झाकण लावतात आणि आईची नेलपॉलिशची बाटली काढून प्रत्येक स्क्रूवर एक लाल रेघ ओढतात. कशासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाले, शोभा. आई गेल्यावर तिच्या वस्तूंतली तेवढी बाटली त्यांनी मागून घेतली होती, तेव्हा मला वाटलं होतं आठवण म्हणून असेल. आता आमच्या घरात नेलपॉलिश लावतो तो फक्त व्हॅक्यूम क्लीनर.

मशीन सुरू झालं की माझ्यावर तोंडसुख घेतात. मी हॉलमध्ये केस विंचरते, ते ब्रशला गुंडाळले जातात, मला यंत्राची कदर नाही वगैरे. ओरडून झालं की पोटभर जेवतात. थोडक्यात, प्रकृती उत्तम.

फोन त्यांच्या खुर्चीशेजारी आहे आणि कान शाबूत आहेत, म्हणून हे सगळं पत्रात. तूही लिहिशील ते माझ्या शाळेच्या ऑफिसच्या पत्त्यावर लिही.

लोभ आहेच, त्याला अधूनमधून पाणी घालत जा.

तुझी,
ताई


दि. २० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धपाटा पोचला. पत्र वाचून खूप हसलो, आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर हसू मावळलं.

बाबा कामाला होते त्या वर्कशॉपमध्ये त्यांच्या बाजूला उभं राहून मी विजेच्या मोटारी दुरुस्त करायला शिकलो. आज एवढ्या मोठ्या कंपनीचं दुरुस्ती खातं सांभाळतो ते त्या जोरावर. पट्टा सुटतो तो तीनच कारणांनी: तो सैल पडलेला असतो, मोटारीचा दांडा झिजलेला असतो किंवा ब्रश अडकत असतो. हे मला त्यांनीच शिकवलं. आणि तेच बाबा रोज तोच पट्टा परत बसवतात, तो का सुटतो हे बघत नाहीत? ताई, तुला गंमत वाटते, पण मला हे लक्षण बरं दिसत नाही. स्पष्टच लिहितो, त्यांचं डोकं चालेनासं झालं आहे.

माझ्या घराजवळ एक वृद्धाश्रम आहे. मी जाऊन पाहून आलो. स्वच्छ आहे, बाग आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे. तू दिवसभर शाळेत, आणि ते घरात एकटे, विजेच्या उघड्या वस्तूंशी खेळत. उद्या काही कमीजास्त झालं तर? पुढच्या महिन्यात कामानिमित्त तिकडे येतो आहे, तेव्हा ठरवून टाकू.

रागावणार आहेस हे माहीत आहे. रागावून झाल्यावर विचार कर.

लोभ ठेव, नाही तर निदान तसं लिही.

तुझा,
लंबू


दि. १ फेब्रुवारी

चि. लंबूस,
आशीर्वाद. आज ते दातओठ खाऊन दिले आहेत.

बाबांचं डोकं तुझ्यामाझ्यापेक्षा ठणठणीत आहे. पट्टा निसटत नाही. मी काढते.

सकाळी ते आंघोळीला गेले की मी धूड उलटं करते, स्क्रू सोडवते, पट्टा उतरवते, झाकण होतं तसं लावते आणि साळसूदपणे चहा ठेवते. त्यांच्या त्या लाल शोभेचे टवके माझ्या नखांत जातात, ते शाळेत बसून काढत असते. मग मशीन चालत नाही म्हणून मीच ओरडते. नाटकात काम केलं असतं तर नाव काढलं असतं.

तुला आठवतं, वर्कशॉपच्या मालकाने बाबांना फुलांचा गुच्छ देऊन आता आराम करा म्हणून सांगितलं होतं? हात थरथरतो अशी कोणा गिऱ्हाइकाने तक्रार केली होती. त्यानंतर बाबांनी खुर्ची भिंतीकडे वळवली, कारण खिडकीतून वर्कशॉपचा रस्ता दिसतो. दाढी करेनात, जेवेनात. मी शाळेतून यायची तेव्हा सकाळी सोडलं त्याच जागी बसलेले असायचे. तू तेव्हा टॉनिकच्या बाटल्या पाठवत होतास. एके दिवशी तो पट्टा खरोखरच निसटला. बाबा उठले, पेपर मागितला, पट्टा बसवला आणि मला केसांवरून झाप झाप झापलं. इतकं गोड मी बऱ्याच दिवसांत काही ऐकलं नव्हतं. नंतर मशीन नीट चालायला लागलं आणि खुर्ची परत भिंतीकडे वळली. तेव्हा मी पट्टा काढला. माझा गुन्हा एवढाच.

आता तू ये, जेव, बाबांच्या कामाची तारीफ कर आणि जा. तोंडातून एक अक्षर काढलंस तर माझ्याशी गाठ आहे. ते माझ्याजवळ राहायला हवेत, लंबू. नुसते बसून राहायला नव्हे, राहायला.

लोभाची काळजी करू नकोस, तोंडाची कर.

तुझी,
ताई


दि. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दार लावताना तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. परतीच्या वाटेवर तेच डोळ्यांसमोर होतं. म्हणून माझी बाजू मांडतो, पटली तर बघ.

मी गप्प राहायचं ठरवूनच आलो होतो. पण बाबा जमिनीवर रांगत एवढासा स्क्रू शोधत होते, आणि तू दारात उभी राहून लहान मुलाचा खेळ बघावा तसं कौतुकाने बघत होतीस, ते मला सहन झालं नाही. ज्या माणसाला अख्खं वर्कशॉप मास्तर म्हणायचं, त्याच्या हातात तू खुळखुळा दिलास. तुझा हेतू चांगला असेल, पण मला माझ्या बापाची कीव करायची नाही.

तू शाळेत गेल्यावर मी मशीन उघडलं. स्क्रूंवर लाल रंगाचे थर साचले होते ते खरवडून काढले, नवा पट्टा घातला, ब्रशचे बेअरिंग बदलले. जुने स्क्रू फेकून आमच्या कंपनीचे स्टार स्क्रू बसवले. त्यांचा स्क्रू ड्रायव्हर वेगळा असतो, तो असल्याशिवाय ते झाकण कोणाला उघडता यायचं नाही. बाबा दारातून बघत होते. मग मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांचा तो हक्क होता. ते नुसतं हं म्हणाले आणि चहा झाला का विचारलं. संध्याकाळी तुझ्यासमोर परत बोललो ते एवढ्यासाठीच, की आडपडदा राहू नये.

वृद्धाश्रमाचं बोलता बोलता बाबांना सांगून बसलो होतो, पण तो विषय मी आता सोडला. त्यांचं डोकं शाबूत आहे, हे तुझं खरं ठरलं.

राग गेला की लोभ कळव.

तुझा,
लंबू


दि. २१ मार्च

लंबूस,
आशीर्वाद उरले तर पुढच्या पत्रात.

मशीन झकास चालतं. अभिनंदन.

बाबा त्याच्याकडे बघत नाहीत. माझ्यावर ओरडत नाहीत. माझ्याशी आता ते पाहुण्यासारखे वागतात. तुला वेळ असेल तर, तुला त्रास होणार नसेल तर, असं म्हणून पाणी मागतात. मी मुद्दाम चहात साखर घालायची विसरले, निमूट प्यायले. हॉलभर केस विंचरले, माझ्या पायाशी पडलेला गुंता त्यांनी स्वतः उचलून कचऱ्यात टाकला. तुला कळतंय का मी काय लिहिते आहे?

तुझं झाकण उघडायला गेले तर सुरीचं टोक मोडलं. शेवटी कात्री घेतली आणि मशीनची वायरच कापली. बाबांनी तुटलेली वायर पाहिली, आत गेले आणि वर्कशॉपचा फोन नंबर लिहिलेला कागद माझ्यापुढे ठेवला. माणूस बोलावून घे म्हणाले. ज्यांनी उभ्या जन्मात घरातल्या दिव्याच्या बटणाला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही, ते मला म्हणाले, माणूस बोलाव. त्यांच्याच जागेवर आता काम करणारा माणूस आला, वायर जोडून गेला. बाबांनी त्याला चहा दिला. जोड कसा घातलाय ते वाकून बघितलंसुद्धा नाही. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

काल जेवताना विचारत होते, तू म्हणाला होतास त्या वृद्धाश्रमाचा पत्ता आहे का.

तो स्क्रू ड्रायव्हर मला पाठव. शाळेच्या पत्त्यावर, घरी नको. मी परत पट्टा काढणार आहे. त्यांना कळेल, मला कळेल, कळू दे. तरी कदाचित ओरडतील. तुझ्या खऱ्याचं मी काय करू?

लोभ मागू नकोस. स्क्रू ड्रायव्हर पाठव.

ताई


दि. ६ एप्रिल

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पार्सल घरी आलं. मागच्या मशीनच्या वेळचाच पत्ता तुझ्या ऑफिसात कोणी घातला असावा. ताई शाळेत होती, मी घेतलं. आत स्टार स्क्रू ड्रायव्हर होता आणि चिठ्ठी होती, ताई, चुकलो. स्क्रू ड्रायव्हर चांगल्या पोलादाचा आहे, मूठ हातात बसते. तो कशासाठी मागवला हे मला लगेच कळलं. यासोबत परत पाठवत आहे.

वर्कशॉपमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या स्क्रूवर आपण एक रेघ ओढत असू, अर्धी स्क्रूवर, अर्धी झाकणावर. मधे कोणी उघडलं तर रेघेचे दोन भाग जुळत नाहीत. तू लहान असताना तुझ्याकडून मी अशा कितीतरी रेघा ओढून घेतल्या. ताई कधी वर्कशॉपमध्ये आली नाही, तिला हे ठाऊक नव्हतं. तुला होतं. तू त्या रेघा खरवडत होतास तेव्हा मी दारात उभा होतो. मला वाटलं, आता थांबेल.

पट्टा दुसऱ्यांदा निसटला, त्याच दिवशी रेघ तुटलेली दिसली. घरात माणसं दोनच. कामावर जायच्या घाईत पोरगी माझ्यासाठी हात काळे करते आहे, मग मी बसून कसा राहू? मी पेपर अंथरला. मशीन सुरू झालं की ती दारात उभी राहून हसायची. तिची आई गेल्यापासून ती तशी हसली नव्हती. ती माझ्यासाठी काढत होती, मी तिच्यासाठी बसवत होतो. बरं चाललं होतं आमचं.

तू खरं बोललास, त्याबद्दल तुला दोष देत नाही. पण तिच्यासमोर बोललास. आता तिने पट्टा काढला आणि मी बसवला, तर दोघांनाही माहीत असणार. ती माझ्या तोंडाकडे बघत राहील आणि मला ओरडता येणार नाही. मी तसा प्रयत्न करून पाहिला. आवाज निघत नाही.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला मी तुझ्या त्या वृद्धाश्रमात येतो. ताईला तू सांग, की डॉक्टर जवळ हवा म्हणून हे ठरलं. रेघांचं तिला कधी कळू देऊ नकोस. आपण बाबांना फसवलं आणि काही दिवस का होईना ते जमलं, एवढं तिच्याजवळ राहू दे. खरं सांगायची तुला सवय आहे, या वेळी मोडावी लागेल.

जुनं मशीन तिच्याकडे राहील. नीट चालतं आहे.

लोभ आहे. आहे की नाही ते उघडून बघत जाऊ नकोस.

बाबा