गोफणीचा रोखलेला नेम

प्रिय समूचे बाबा,

समू आत्ताच झोपली आहे. दुखण्याची गोळी लागू पडली म्हणून झोपली, नाहीतर सकाळपासून पाय पोटाशी धरून कण्हतच होती. ती उठायच्या आत मला हे लिहून संपवायचं आहे. उद्या सकाळी भाऊजी सौंदडहून टेम्पो घेऊन येतील. घरमालकाला खोल्या रिकाम्या करून द्यायच्या आहेत, आणि तुमच्या त्या खेळाची फळी अजून बैठकीत मधोमध तशीच मांडलेली आहे. मला तुम्हाला काही विचारायचं आहे. दुसऱ्या कोणाला विचारून उपयोग नाही, कारण हा खेळ तुम्हा बापलेकीशिवाय जगात कोणालाच येत नाही.

तुम्हाला मी आजवर पत्र लिहिलं नाही. फोनवरसुद्धा "येताना भाजी आणा" याच्या पुढे आपली गाडी कधी गेली नाही. आता एवढं बोलायचं आहे तर तुम्ही ऐकायला नाही. हे बरं जमवलंत.

त्या फळीवरून मी तुमच्याशी किती भांडले, आठवतं? मोबाईलवर कुठल्या परदेशातल्या माणसांचा लढाईचा खेळ पाहिलात, छोटे छोटे सैनिक, छोटे रणगाडे, आणि दुसऱ्याच दिवशी दाराची जुनी फळी घरात आणून टाकलीत. तिच्यावर चोरखमाऱ्याचा तलाव रंगवला. आत्ताचा नाही, शे-दोनशे वर्षांनंतरचा. तलावावर काचेचा घुमट, काचेखाली धान, आणि परग्रहावरून कोणीतरी विमानं घेऊन शेवटचं पाणी न्यायला येणार. मी म्हणत होते, एक दिवस डबा घेऊन चोरखमाऱ्याला जाऊ, तलावाच्या पाळीवर बसून जेवू. तर तुम्ही दोघं तलावाला काच बसवून मोकळे.

समूनं पहिल्याच दिवशी आकाश मागून घेतलं. सगळी विमानं तिची. जमिनीवर ती प्रत्येक गोष्टीत मागे राहते ना, धावली की पाय धरतात. म्हणून तुम्ही काही न बोलता जमीन घेतलीत.

आणि जमिनीवर विमान पाडणारी तुमच्याकडे एकच गाडी, गोफण. लहानपणी सौंदडला धानावरची पाखरं हाकलायला गोफण घेऊन उभे राहायचात, त्यावरून ते नाव. बामच्या डबीचं धड, सायकलच्या ट्यूबचे पट्टे, औषधाच्या बाटलीचं झाकण कापून केलेलं रडार, आणि चार तोफा म्हणून समूला लावलेल्या सलाईनच्या सुयांची चार टोपणं. ती टोपणं तुम्ही दवाखान्यातून खिशात घालून आणली तेव्हा मी तुम्हाला वेड्यात काढलं होतं. समू मात्र तापातसुद्धा हसली होती.

रक्तातला तो सिकलसेल तुमच्यात अर्धा, माझ्यात अर्धा, आणि लेकीच्या वाट्याला पुरा. डॉक्टर एकच सांगत राहिले, पाणी पाजा, भरपूर पाजा. मी पेला घेऊन मागे लागायचे आणि ती तोंड फिरवायची. मग तुम्ही नियम काढलात: विमान उडवायचं तर इंधन भरा, एका चालीला एक पेला. त्या दिवसापासून ती कुरकुर न करता पाणी पिऊ लागली. मी मात्र म्हणत राहिले की पोरीला नादी लावता आणि अभ्यास बुडवता. तुम्ही हसून पेले विसळायचात.

त्या दुपारी ड्यूटीवरून आलात, छातीत जड वाटतं म्हणालात, आणि रिक्षा दारात येईपर्यंत संपलात. मला नीट रडायलासुद्धा वेळ दिला नाहीत.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. तुमच्या काकू म्हणाल्या, "ते फळी उचला नं कोणी, मानसं बसतीन कोठी?" समू फळीशेजारी आडवी झाली. "हात नोका लावू कोणी," एवढंच म्हणाली. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. शेवटी भंतेजीच म्हणाले, राहू द्या, आणि भिंतीला टेकून बसले. लोक फळीच्या कडेकडेनं बसले. तुमचा फोटो स्टुलावर आणि मधोमध तुमची ती लढाई. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून ती तिथून हलत नाही. शाळा नाही, बाहेर जाणं नाही, गार फरशीवर बसते आणि फळीकडे पाहत राहते. आणि पाणी पीत नाही हो. मी पाजलं तर दोन घोट घेते, बास. पेला पुढे केला की म्हणते, "मी चाल करून नाई राहिली, मंग इंधन कायले?" ओठ सुकलेत, डोळे पिवळे दिसतात, आणि आता पायांतलं दुखणं पाठीत चढलं आहे. डॉक्टर म्हणाले, छातीत आलं तर एक क्षण थांबू नका, सरळ गोंदियाला न्या. मी रात्रंदिवस तिचा श्वास ऐकत असते. मला भीती वाटते. तुम्ही गेलात, आणि माझ्या डोळ्यांदेखत ही पण जाईल. हे मी कोणाजवळ बोलू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

भाऊजी परवा येऊन गेले. "वैनी, एका फळीपायी पोरगी अशी काऊन करून राहिली? जशीच्या तशी उचलून नेऊ नं." समूनं नाही म्हणून मान हलवली. रस्त्यात धक्के बसतील, तुकडे सरकतील. गोफणीचा मारा तुम्ही सुतळीनं मोजायचात, बोटभर सरकलं तरी हिशेब चुकतो म्हणे. भाऊजी चहा पिऊन गेले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "झोपली का उचलून टाका." त्यांचंही बरोबरच आहे, पण मला ते जमलं नाही.

काल मात्र माझा धीर सुटला. मला वाटलं, तुमची चाल यायची आहे म्हणून ती थांबली आहे. मी तुमच्या जागी मांडी घालून बसले. म्हटलं, "बाबाची बारी मी खेळीन," आणि गोफण उचलली. तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"ठेव. होती तेथीच ठेव."

"अवं, बाबाची बारी हाये नं?"

"बाबाची नाई. माही बारी हाये. बाबा गेले तवापासून माहीच हाये."

"मंग खेळत काऊन नाई?"

तिनं गोफणीवरच्या लाल टिकलीवर बोट ठेवलं. माझ्याच पाकिटातली टिकली, तुम्ही खुणेला म्हणून पळवलेली. मग तिनं मला सांगितलं. बाकीच्या गाड्या आपापल्या बारीला मारतात. गोफण एकटीच अशी की तिला आपल्या बारीला गप्प राहता येतं. नेम रोखून धरायचा, टिकली लावायची, आणि समोरच्याचं विमान टप्प्यात आलं की त्याच्या बारीत मारायचं. एकदाच. मारलं की टिकली काढायची. त्या दिवशी ड्यूटीवर जायच्या आधी तुम्ही नेम रोखून गेलात.

"मी विमान आणलं का बाबा मारतीन," ती म्हणाली. "मारलं का टिकली निघन. मंग बाबाचं काहीच बाकी नाई राहत, आई."

एवढ्याशा पोरीनं तुम्हाला त्या डबीच्या गाडीत धरून ठेवलं आहे, आणि तिथून तुम्ही सुटू नये म्हणून स्वतःला सुकवून घेते आहे.

का हो रोखलात नेम? मारून मोकळं व्हायचं होतं. सरळ आपल्या बारीत मारायचं, उठायचं, डबा घ्यायचा आणि जायचं. कधी नव्हे ते तुमच्यावर एवढा राग आला की फोटो उलटा करून ठेवला. मग पुन्हा सरळ केला. समूनं ते पाहिलं.

आज सकाळी दुखणं फार झालं. मी तिची पाठ शेकत होते. तेव्हा तीच म्हणाली, "आई, उद्या फळी हलनच. बाबाच्या गोफणीचे फासे तू टाकशीन?" मी म्हटलं, शिकव. कण्हत कण्हत तिनं शिकवलं. सुतळी कुठे धरायची, दोन फाशांची बेरीज नऊ किंवा वर गेली की विमान पडलं. मला वाटलं, सुटले. एवढं तर मला जमेल.

मग म्हणाली, "पण अंगठा नोको लावजो."

"कोनता अंगठा?"

"बाबा हाताखाली फासे टाके. मोठा आकडा आला का अंगठ्यानं एक फासा पालटवे. त्याले वाटे मले दिसत नाई. बाबानं माहं एकबी विमान पाडलं नाई."

"मंग तू बोलली काऊन नाई?"

"बाबाले बरं वाटे."

ऐकता आहात ना? तुम्ही तिला सांभाळत होता, आणि ती तुम्हाला सांभाळत होती. आणि मी स्वयंपाकघरातून दोघांवर ओरडत होते.

"तू खरं मार," ती म्हणाली. "तू चुकवलं तर मले समजन. मंग मी फिरून बसून राहीन."

हेच विचारायला लिहायला बसले. कसं मारू मी? दुखण्यानं कण्हणाऱ्या पोरीचं विमान तिच्या आईनं कसं पाडायचं? तुमच्यानं नाही झालं ते. रागावत नाही, पण खरं तेच बोलते. सुई टोचताना तिचा हात नेहमी मी धरायचे आणि तुम्ही बाहेर व्हरांड्यात उभे राहायचात. आत आलात की तिचे लाडके तुम्ही, आणि हात धरणारी म्हणून माझ्यावर रुसवा. आता हेही माझ्याच गळ्यात घालून गेलात.

ती आता कुशीवर वळली. उठेल लवकरच.

तर ऐका. उद्या टेम्पो यायच्या आधी आम्ही खेळू. पेला रिकामा करून विमान आणायचं तिनं कबूल केलं आहे. फासे मी ताटात टाकीन, उघडे, तिच्या डोळ्यांसमोर, आणि हात लगेच मागे घेईन. विमान पडलं तर पडू देईन. ती रडली तरी उचलून परत ठेवणार नाही. नेम चुकला तर तो फाशांनीच चुकेल, माझ्या अंगठ्यानं नाही. आणि त्यानंतर तुमची बारी येते. तीही मी खेळीन, कशीही, चुकतमाकत, तिच्या शिव्या खात. सौंदडला गेल्यावरही खेळीन. तुमची जागा रिकामी ठेवण्यापायी मी माझी लेक जाऊ देणार नाही, एवढं माझं वचन घ्या.

तुमची,
रेखा